तिसरा ठोका

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खलबत्ता आहे. फुरात नदीच्या काठी, तल्ल सुवैर गावात, पाहुण्यांच्या बैठकीत राहतो. रानपिस्त्याच्या खोडातून मला कोरलं. कॉफी कुटावी तर माझ्यातच. उगाच बढाई नाही मारत!

मला वाजवणारे हात अबू दहामचे. आमच्याकडे कॉफी नुसती कुटत नाहीत, ठेक्यात कुटतात. पाहुण्याचा ठेका नाचरा. तो ऐकला की अर्धं गाव हातातलं काम टाकून यायचं. घरात मयत झाली तर मात्र तीन संथ ठोके, मग थांबायचं, पुन्हा तीन. तेव्हा कॉफीला कुणी फिरकत नसे.

लढाई आली ती गावच्या पुलापायी. गाव ज्याचं त्याचा पूल. बंदूकवाले वाळवंटातून गाड्या भरून आले. आमची पोरं दोन दिवस गल्लीगल्लीत लढली आणि मागे हटली. बायकामुलं जर्दाळूच्या बागेपलीकडे कोरड्या कालव्यात लपली. जाताना अबू दहामच्या बायकोने, नूफाने, त्याचा हात धरला, “चल की म्हाताऱ्या!”

“बैठक रिकामी टाकायची नसते,” अबू दहाम म्हणाला. “पाहुण्याचा ठेका ऐकल्याशिवाय कुणाला हलू देऊ नकोस.”

दुपारी बंदूकवाल्यांचा म्होरक्या बैठकीत शिरला. “म्हातारबा, तुझ्या कुटण्याने गाव गोळा होतं म्हणे? कूट!” त्याची माणसं बंदुका घेऊन दारामागे दबा धरून बसली. गावकरी हाती आले की लढणारी पोरंही शरण येतील, असा त्यांचा हिशेब.

“बिया तरी भाजू दे बाबा. कच्च्या कुटल्या तर गाव नाही येणार, शिव्या येतील.”

त्याने सावकाश बिया भाजल्या आणि बत्ता उचलला. पण पहिल्याच ठोक्याला मी ओळखलं, हा शोकाचा ठेका! एक, दोन. थांबला. पुन्हा एक, दोन. तिसरा ठोका त्याने मारलाच नाही. थकला असेल, असं मला वाटलं.

तिकडे कालव्यात रडारड सुरू झाली, म्हातारा गेला म्हणून. नूफाने सगळ्यांना दटावलं, “गप्प बसा गं! हात त्याचाच आहे. मेलेला माणूस स्वतःसाठी कॉफी कुटतो होय? येऊ नका म्हणतोय. बसा खाली!” हे मला तिनेच पुढे शंभर वेळा सांगितलं.

संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. म्होरक्या भडकला, “कुठे आहेत तुझे लोक?”

“माझी कॉफी फार कडू असते. माहीत आहे त्यांना.”

म्होरक्याने मला लाथ मारली. माझ्या अंगावरचा हा तडा तेव्हाचा. दुसऱ्या दिवशी आमच्या पोरांनी एकेक गल्ली परत घेतली आणि पूलही. मग तडा गेलेल्या माझ्यावर अबू दहामने पाहुण्याचा ठेका धरला. नूफा धावत सगळ्यांच्या पुढे आली.

“जन्मात एकदा खोटं बोललास, तेही अर्धवट! तिसरा ठोका कुठे गेला?”

“कुणी मेलं नव्हतं ना,” तो म्हणाला. “तो कसा मारू?”

असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंदाच्या थंडीत अबू दहाम गेला. बैठकीत पुरुष बसले होते, पण बत्त्याला हात लावायची कुणाची छाती होईना. नूफा उठली. एक, दोन, आणि तिसरा. तिने तिन्ही ठोके पुरे मारले.

आता मला काचेच्या कपाटात ठेवायचं चाललंय. लोक फोटो काढतील, वाहवा करतील. मित्रांनो, नका ठेवू. माझा तडा सांधा, माझ्यात बिया टाका आणि नूफाचे हात चालतात तोवर तिच्याकडून ठेके शिकून घ्या. माझी काळजी घ्यायची तर मला वाजवा.