दोघांच्या मापाचा जिना

त्या जोडप्याचा धंदा खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवण्याचा. त्यामुळे त्याला सगळे जाळीवाले म्हणत, आणि ती आपोआप वहिनी झाली, सगळ्या गल्लीची. घरात दोघंच. मूलबाळ झालं नाही, आणि त्याबद्दल हळहळून झाल्यावर उरलेला सगळा वेळ दोघांनी लोखंडाला दिला. तो वेल्डिंग करायचा, ती नकाशे काढायची. नकाशा म्हणजे जुन्या कॅलेंडरची पाठ आणि टोक काढून काढून अंगठ्याएवढी उरलेली पेन्सिल. शाळा दहावीतच सुटलेली. पण कुठली पट्टी वाकेल आणि कुठली दगा देईल हे तिला कागदावरच दिसायचं. "ह्या आमच्या इंजिनियरीणबाई," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. त्यात थट्टा किती आणि अभिमान किती, हे तिला त्यानं कधी कळू दिलं नाही.

एकट्यानं काम करायची दोघांनाही सवय नव्हती. तो चौकट धरायचा, ती गुण्या लावून बघायची. ती पट्टी दाबून धरायची, तो टाका मारायचा. मोजायला टेप होती, पण ती बहुतेक वेळ खिळ्यालाच लटकलेली असे. मापं निघायची अंगावरून. "तुझ्या कमरेएवढं ठेवू." "माझ्या डोक्यावर चार बोटं." तो विजेच्या खांबासारखा उंच आणि ती त्याच्या शर्टाच्या खिशापर्यंत. ह्या दोन उंचींच्या हिशेबात गल्लीतल्या निम्म्या खिडक्या बसल्या होत्या.

आणि जाळी अशी, की हत्तीनं ओढली तरी हलायची नाही. हे वाक्य त्याचं. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकावंच लागायचं.

चार वर्षांपूर्वी एका सात मजली इमारतीत भर दुपारी आग लागली. जिन्यातल्या मीटरच्या पेटीनं पेट घेतला आणि जिना धुरानं भरला. चौथ्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या एक बाई राहायच्या. त्या खिडकीकडे धावल्या. खिडकीला ह्या दोघांची जाळी होती. ती कापायला अग्निशमन दलाच्या माणसांना बावीस मिनिटं लागली, आणि बाई वाचल्या नाहीत. जाळीवाला खाली गर्दीत उभा होता. शिडीवरून उतरलेले दलाचे साहेब घाम पुसत म्हणाले, "कुणी केलीय हो ही जाळी? काय जबरदस्त काम आहे. एवढी मजबूत जाळी मी जन्मात कापली नाही."

जन्मभरात त्याच्या कामाला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी ती. ती घेऊन तो घरी आला आणि तीन दिवस बोलला नाही.

चौथ्या दिवशी त्यानं कॅलेंडर उलटं करून वहिनीसमोर ठेवलं. "जाळीच उघडली पाहिजे," तो म्हणाला. "नुसती उघडून भागणार नाही. तिचाच जिना झाला पाहिजे."

"आणि एरवी?"

"एरवी जाळी. चोराला जाळी, आगीत जिना."

"आधी दोन घास खाता का? मग काय हवं ते उघडू."

पहिला जिना चपलांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा झाला, टाचण्यांच्या बिजागऱ्यांचा. कल्पना तशी साधी. जाळी खालच्या कडेला बिजागरीवर बसवायची. खटके सोडले की ती बाहेर कलंडणार आणि दोन साखळ्यांवर आडवी थांबणार. म्हणजे झाला सज्जा. जाळीच्या पोटात दुमडून ठेवलेल्या पायऱ्या सुटणार आणि खालच्या मजल्याच्या सज्ज्यावर टेकणार. त्याच झटक्यात एका साखळीनं खालच्या मजल्याची जाळीही सुटणार, असं मजल्यामागून मजला, थेट रस्त्यापर्यंत. लोखंडाची पहिली जाळी उघडली तेव्हा अशी दाणकन आदळली, की खाली कुणी असतं तर आगीतून वाचून जिन्यानं गेलं असतं. मग स्प्रिंगा आल्या. नणंद अधूनमधून यायची आणि कमरेवर हात ठेवून बघत राहायची. ती भावासारखीच उंच, आणि जीभ तिची त्याहून लांब. "लोक बायकोसाठी माडी बांधतात," ती म्हणायची, "आमच्या दादानं नुसता जिना बांधला. तोही हवेत."

चोराचा बंदोबस्त मात्र दोघांनी फार विचार करून केला. खटके दोन ठेवले, एक वर उजवीकडे आणि एक खाली डावीकडे, आणि दोन्ही एकदमच ओढले तरच जाळी सुटणार. हात सोडला की खटका परत जागेवर. "चोराला हात दोनच," जाळीवाला खूश होऊन म्हणाला होता, "त्यातला एक पाइप धरण्यात जातो." खटक्यांची जागा नेहमीच्या रीतीनं ठरली. दोघं जाळीपुढे उभे राहिले. त्याचा हात सहज जिथे पोचला तिथे वरचा, तिचा जिथे पोचला तिथे खालचा. तो "हं" म्हणायचा, दोघं ओढायचे, आणि जाळी अलगद बाहेर झोपायची. चार वर्षांत असा तो जिना शेकडो वेळा उघडला असेल.

मग त्याच्या छातीनं संप पुकारला. तीस वर्षांचा वेल्डिंगचा धूर, दुसरं काय. ऑक्सिजनचं नळकांडं खाटेशेजारी येऊन बसलं, आणि डॉक्टर महिन्यांत बोलायचे ते आठवड्यांत बोलायला लागले. नेमकी तेव्हाच चाचणीची तारीख आली. अग्निशमन दलाच्या शेऱ्याशिवाय तो जिना एकाही इमारतीला लावता येणार नव्हता, आणि शेरा देणारे साहेब तेच होते, ज्यांनी ती जाळी कापली होती. जाळीवाल्याला आता दुसरं काहीच नको होतं. औषध देताना वहिनीनं विचारलं, "दुखतंय का?" तर म्हणाला, "बुधवारी किती वाजता बोलावलंय?"

त्याच्या जागी नणंद गेली. दलाच्या मैदानावर सरावाचा तीन मजली मनोरा होता, त्यावर जिना आदल्या दिवशीच चढवला होता. तिसऱ्या मजल्यावर दोघी उभ्या राहिल्या. नणंदेनं वरचा खटका धरला, वहिनीनं खालचा. नऊ सेकंदांत जिना मैदानापर्यंत उतरला. खाली उभ्या जवानांनी टाळ्या वाजवल्या. साहेब स्वतः वरपर्यंत चढून आले, प्रत्येक पायरीवर पाय आपटत.

"सुंदर," ते म्हणाले. जिना मिटवून झाल्यावर वहिनीकडे वळले. "आता तुम्ही एकट्या उघडा."

"एकटी?"

"हो. ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा."

वहिनी टाचा उंचावून वरच्या खटक्यापर्यंत पोचली. तो धरून खालच्याकडे हात ताणला, तर वीतभर कमी पडला. खालचा धरला, तर वरचा सुटला. तिनं चप्पल काढली आणि पायाच्या अंगठ्यानं खालचा खटका ओढून बघितला. नणंद न राहवून पुढे सरकली.

"नाही ताई, तुम्ही थांबा," साहेब हळूच म्हणाले.

वहिनी झगडतच राहिली. शेवटी साहेबांनीच तिच्या खांद्याला हात लावून तिला थांबवलं. "वहिनी, धुरात माणूस गुडघ्यांवर असतो. वरचा खटका त्याला दिसणारसुद्धा नाही." मग म्हणाले, "आणि त्या बाई घरात एकट्याच होत्या."

वहिनी खटक्याकडे बघत राहिली. ज्या बाईंसाठी चार वर्षं खपलो, त्यांना हा जिना उघडला नसता. त्या ह्याही जाळीमागे तशाच उभ्या राहिल्या असत्या. आणि हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण त्या घरात कुणाला कधी दोनच हात नव्हते.

साहेबांनी फेरचाचणीला पुढच्या महिन्यातला पहिला शुक्रवार दिला.

परतताना रिक्षात नणंद म्हणाली, "दादाला सांगायचं, पास झाला. काय बिघडतं? जाणाऱ्याला सुखानं जाऊ दे." एवढं म्हणून ती बाहेर बघत नाक शिंकरू लागली. वहिनी म्हणाली, "बरं वन्सं."

तो उशीला टेकून बसलाच होता. "उघडला?"

"उघडला," वहिनी म्हणाली. ते खरंच होतं.

"किती सेकंदांत?"

"नऊ." तेही खरं.

"एकट्यानं उघडून बघितला का कुणी?"

नणंद लगबगीनं नळकांड्याचा काटा बघायला वाकली. ह्या प्रश्नाला वहिनीनं खोटं रचूनच ठेवलं नव्हतं.

"राहू दे," तो म्हणाला. श्वास घ्यायला थांबला. "तुम्ही गेलात आणि मी इथे पडून मनातल्या मनात उघडत होतो. वीसदा उघडला. दर वेळी हात कमी पडले. म्हटलं, हे काय? मग लक्षात आलं, तू घरात नव्हतीस."

"माझा खटका काढ," तो म्हणाला.

"नाही काढणार."

"अगं, खिटी वरच राहील. मूठ तेवढी काढायची. सायकलच्या ब्रेकची वायर लाव. खालची मूठ दाबली की दोन्ही खिट्या सुटल्या पाहिजेत. आणि मूठ आणखी खाली घे. गुडघ्याएवढी."

"मला नाही येत एकटीच्या मापाचं काढायला!" तिनं पेन्सिल भिंतीवर फेकली.

"वन्सं, तिला पेन्सिल द्या," तो बहिणीला म्हणाला. बायकोच्या तोंडचं संबोधन त्यानं उचललं होतं, तिला हसवायला. हसलं कुणीच नाही. नणंदेनं पेन्सिल आणून दिली.

तिनं नकाशा काढला. वेल्डिंग आता तिलाच करायचं होतं. नळकांड्याजवळ ठिणगी नको, म्हणून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दार लावून ती काम करायची आणि तयार तुकडा दाखवायला आत आणायची, शाळेतल्या मुलीसारखी. तो बोटानं चाचपून बघायचा.

"हा टाका आहे की शेंबूड?"

"हात हलतो. धरायला कुणी नाही."

"शिकंजा आहे ना. त्याला धरू दे."

"म्हणजे आता शिकंज्यालाच अहो म्हणू?"

"म्हण की. तो उलटून बोलत नाही, एवढा फायदा."

पाचव्या खेपेला त्यानं तुकड्यावरून बोट फिरवलं आणि काहीच नाव ठेवलं नाही. तिला ते अजिबात आवडलं नाही.

जाळी तयार झाली तेव्हा नणंदेनं खाट दाराशी ओढली आणि चौकट अंगणात उभी केली. वहिनी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"डोळे मीट," तो खाटेवरून म्हणाला. "धूर आहे."

तिनं डोळे मिटले. चाचपडत मूठ शोधली. क्षणभर तिला मनापासून वाटलं, नाही उघडणार. वायर अडकेल, खिटी रुतेल, काहीतरी होईल आणि तो नेहमीसारखा म्हणेल, थांब, मी धरतो. तिनं मूठ दाबली. वर आणि खाली एकदमच खट् झालं आणि जाळी अलगद बाहेर गेली.

डोळे उघडले तर तो खाटेवर बसून हसत होता. चार वर्षांत तो असा हसला नव्हता. तिच्या घशातून जो आवाज निघाला, तो ऐकून शेजारच्या बाईंनी खिडकी उघडली.

"परत," तो म्हणाला.

तिनं जाळी मिटवली आणि परत उघडली.

"परत."

त्यानं अकरा वेळा उघडायला लावली. डाव्या हातानं उघड, उजव्यानं उघड, पालथी पडून उघड. बाराव्यांदा मात्र ती उठली आणि खाटेवर त्याला टेकून बसली. त्याचा श्वास वाजत होता, आणि अंगणात जाळी तशीच उघडी पडली होती.

मंगळवारी सकाळी तो गेला. चाचणी शुक्रवारी.

"साहेबांना पुढची तारीख मागू," नणंद म्हणाली. "कुणी नाही म्हणणार नाही."

"आज पुढे ढकलली तर मी कधीच जाणार नाही, वन्सं."

दोघी गेल्या. मैदानावर साहेबांनी टोपी काढली. नणंद सवयीनं मनोऱ्याकडे निघाली, तर वहिनी म्हणाली, "तुम्ही खालीच थांबा." ती एकटी तीन मजले चढली, खिडकीपुढे गुडघ्यांवर बसली, आणि कुणी काही म्हणायची वाट न बघता तिनं मूठ दाबली.

"पाच सेकंद!" साहेब खालून ओरडले. "पाच! वहिनी, या आता खाली. उतरायचीही वेळ घ्यायचीय."

ती खिडकीतून सज्ज्यावर आली. पायरी धरून दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्यापर्यंत उतरली. लोखंड हललंसुद्धा नाही. खाली साहेब, नणंद आणि सात-आठ जवान माना वर करून उभे होते. त्यांच्यापर्यंत उतरायला तेवीस पायऱ्या होत्या, तिनंच काढलेल्या. उतरल्यावर घरी जायचं होतं, आणि घरी पाच सेकंद ऐकायला कुणी नव्हतं. ती तिथेच सज्ज्यावर बसली आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन रडू लागली, मंगळवारपासून पहिल्यांदाच.

नणंद धावत पायऱ्यांकडे निघाली. साहेबांनी तिचा हात धरून थांबवलं. त्यांच्या दुसऱ्या हातात स्टॉपवॉच चालूच होतं. त्यांनी त्याकडे बघितलं, ते बंद केलं आणि खिशात टाकलं. फॉर्मवर उतरण्याच्या वेळेचा रकाना होता. तो त्यांनी कोरा ठेवला आणि मंजुरीच्या शेऱ्याखाली सही केली.