बावडा हादरणार

आमच्या अनेकांतनं, माझ्या लेकानं, गॅरेज काढायचं ठरवलं तेव्हा त्याला तीनच गोष्टी हव्या होत्या. जागा, अवजारं आणि गिऱ्हाईक. जागा कसबा बावड्यात मिळाली. अवजारं त्यानं बारा वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात राबताना एकेक करून जमवली होती. राहिलं गिऱ्हाईक. ते आणायची जबाबदारी सम्राटनं आपणहून अंगावर घेतली, आणि तिथून पुढं घरात कुणाला निवांत बसायला मिळालं नाही.

सम्राट हा अनेकांतचा शाळेपासूनचा मित्र. पूर्वी तो फ्लेक्स लावायचा, आता 'इव्हेंट' करतो. दोन्हींत फरक एवढाच, की पूर्वी शिडीवर तो स्वतः चढायचा. मनानं वाईट नाही. फक्त त्याला कुठलीही गोष्ट हळू सांगता येत नाही, आणि एकदा सांगून थांबताही येत नाही.

पहिला फ्लेक्स लागला तो काळ्या रंगावर पिवळ्या अक्षरांचा. "येत्या चौदा तारखेला बावडा हादरणार." बास. गॅरेजचं नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही.

"उत्सुकता ताणायची असत्या काकू," सम्राट म्हणाला.

ती इतकी ताणली गेली, की शेजारच्या बनाबाईंनी मांडणीवरची काचेची भांडी खाली उतरवून गोणपाटात गुंडाळून ठेवली. पलीकडच्या मळ्यात विहिरीला सुरुंग लावणार आहेत, असं त्यांना कुणीतरी खात्रीनं सांगितलं होतं.

दुसऱ्या फ्लेक्सचं चित्र घेऊन सम्राट घरी आला तो सकाळी नऊला. देवळातून आल्यापासून दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. खुणेनं भागवते, लिहूनसुद्धा बोलत नाही. हे त्याला वीस वर्षं ठाऊक आहे, म्हणून तर तो नऊला आला. मोबाईलमध्ये मधोमध प्रमुख पाहुणे हंबीरराव कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांच्याभोवती एकेचाळीस शुभेच्छुकांचे चेहरे. कोपऱ्यात लाल रंगाची एक बसकी परदेशी गाडी होती, जी आमच्या रस्त्यावर आली असती तर पहिल्याच खड्ड्यात कायमची वस्तीला राहिली असती. अनेकांत कुठं आहे म्हणून मी शोधलं. तो खाली उजवीकडं सापडला, त्या गाडीच्या चाकाएवढा, गॉगल लावून.

मी मान हलवली. आडवी.

"बघ, काकूंची मान हलली," सम्राट अनेकांतला म्हणाला. "फायनल."

आमच्या यजमानांनी "बघा बुवा तुमचं तुम्ही" म्हणून पेपर आणखी वर धरला.

हंबीरराव गेली पंधरा वर्षं 'भावी' आहेत. आधी भावी नगरसेवक होते, मग भावी आमदार झाले. मधल्या काळात व्हायचं राहिलं ते होऊन जाणं. पण उद्घाटनाला त्यांना मागणी फार. इतकी, की कशाचं उद्घाटन आहे हे ते पोचल्यावर विचारतात.

एवढ्या खटाटोपात खरं गिऱ्हाईक एकच मिळालं होतं, आणि त्या बाईंनी फ्लेक्स पाहिलाही नव्हता. कोडोलीच्या आक्का. गावात त्यांचं दूध संकलन आहे आणि दारात पाच टेम्पो. जुन्या गॅरेजात त्यांच्या गाड्या अनेकांतच बघायचा. आक्कांनी त्याला फोन केला तेव्हा मी शेजारीच होते, आणि आक्कांचा आवाज फोनशिवायही कोडोलीहून पोचला असता.

"सोताचं काढलंस म्हनं. चांगलं केलंस. उद्घाटनादिवशी एक टेम्पो धाडतो, क्लच गेलाय. साडेआठाला तुझ्या दारात आसंल. दोनला मला तुझ्या दारातनं सुटल्याला पायजे, सांजचं दूध हाय. वेळंत दिलास तर पाचीच्या पाची टेम्पो तुझ्याकडं. न्हाय दिलास तर आपली वळख हाय तशी ऱ्हाईल, पर टेम्पो न्हाय."

अनेकांतनं नोकरी सोडून महिना झाला होता. पाच टेम्पोंचं काम म्हणजे गॅरेज वर्षभर नक्की चाललं. फोन ठेवल्यावर तो हसला, आणि त्या महिन्यात मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

चौदा तारखेला साडेआठच्या ठोक्याला टेम्पो आला. ड्रायव्हर बाळासो तो दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत घेऊन आला होता. गॅरेजचं शटर वर होतं आणि दारात आडवी लाल रिबन. समोर रस्त्यापर्यंत खुर्च्या, बाजूला स्टेज, स्टेजवर माईक. अनेकांतला शेरवानी घातली होती आणि फेटा इतका घट्ट बांधला होता की भुवया वर चढल्या होत्या.

"सम्राट, रिबन सोड जरा. टेम्पो आत घेतो," अनेकांत म्हणाला.

"येडा हायस काय? साहेबांच्या आधी गाडी आत गेली तर साहेब उद्घाटन कशाचं करणार?"

"क्लचला तीन तास लागतात."

"मग लागू देत की. साहेब आले की लगेच घे. निघाल्यात ते."

"कुठनं?"

"चंदगडनं. काजूच्या कारखान्याचं उरकून येणार हायत."

चंदगड म्हणजे रस्ता चांगला लागला तर तीन तास. अनेकांतनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. "मग इथं बाहेरच उघडतो."

"फेटा बांधून? आन् उद्घाटनाआधी पान्याला हात लावत नसत्यात. अपशकुन असतोय."

हा नियम कुठल्या पोथीत आहे ते मला माहीत नाही. पोथ्या मी बऱ्याच वाचल्यात.

"पावणं, गाडी कुठं लावू मग?" बाळासोनं विचारलं. सम्राटनं ती खुर्च्यांच्या कडेला लावायला सांगितली. दहा मिनिटांत तिच्या एका बाजूला हंबीररावांचा फ्लेक्स ताणला गेला आणि आरशांना फुगे लागले.

"दुधाचा टेम्पो हाय ओ," बाळासो म्हणाला, "वरातीचा न्हवं."

मुहूर्त साडेनऊचा होता. साडेनऊला साहेब 'निघाल्यात' होते. दहाला ते 'निघाल्यातच' होते. साडेदहाला गडहिंग्लजात चहाला थांबले असल्याचं कळलं. लोक बसून होते, कारण रिबन कापल्याशिवाय मिसळ मिळणार नव्हती. सम्राट दर पाच मिनिटांनी माईकवर सांगत होता, की आपण सारे एका ऐतिहासिक क्षणाचे साक्षीदार होणार आहोत. तो क्षण अजून गडहिंग्लजात चहा पीत होता.

अनेकांत माझ्या खुर्चीपाशी आला आणि वाकून म्हणाला, "आई, काय करू?"

मी बोलणार नाही हे त्याला माहीत होतं. तरी विचारलं. फेट्याखालून घाम कानामागं उतरला होता. समोर टेम्पो फुगे लावून उभा, आत त्याचे पाने भिंतीवर आकारानं ओळीत लावलेले, आणि मधे वीतभर रुंदीची चमकणारी पट्टी.

मी उठले. टेबलावर हळदीकुंकवाच्या ताटात कात्री होती. ती घेतली, दारापाशी गेले आणि रिबन कापली. मग बाळासोकडं बघून आत बोट केलं.

बाळासोला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पुढच्या रांगेतले चौघे त्यानं उठवले, आणि टेम्पो ढकलत, फुग्यांसकट, आत नेला.

"काकू, अहो काकू, हे काय केलंसा," सम्राट माईक हातात घेऊनच म्हणाला, त्यामुळं ते साखर कारखान्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

फोटोवाला धावत आला. "काकू, सुटलं माझं. परत एकदा कापता काय?"

मी कात्री ताटात ठेवली आणि जागेवर येऊन बसले. अनेकांतनं शेरवानी काढून खिळ्याला अडकवली, फेटा डोक्यावरून उचलून तसाच ऑइलच्या डब्यावर ठेवला, आणि टेम्पोखाली शिरला. वाजले होते पावणेअकरा.

बारा वाजले तसा सम्राट समोर येऊन उभा राहिला. वेळेचा पक्का आहे तो, फक्त दुसऱ्याच्या.

"काकू, आता बोला. असं का केलंसा?"

"रिबन आडवी येत होती," मी म्हटलं.

"आता साहेबांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. गाठ मार."

त्यानं खरंच गाठ मारली. मात्र टेम्पोचा मागचा भाग दारातून बाहेर आला होता, म्हणून रिबन दारात बांधता येईना. शेवटी एक टोक टेम्पोच्या बंपरला बांधलं आणि दुसरं स्टेजच्या खांबाला.

हंबीरराव दीडला आले. गाडीतून उतरताना सम्राटच्या कानाशी वाकले, पण त्यांचं कुजबुजणंही सभेतलं असतं. "कशाचं हाय?"

"गॅरेज, साहेब."

"बरं. दुचाकी का चारचाकी?"

त्यांनी रिबन कापली. फोटोत अंधार आला म्हणून पुन्हा गाठ मारून पुन्हा कापली. तिसऱ्यांदा रिबन इतकी आखूड झाली, की एका टोकाला साहेब आणि दुसऱ्या टोकाला सम्राट असे ती हातात धरूनच उभे राहिले. मग सत्कार. साहेबांचा झाला, त्यांच्या ड्रायव्हरचा झाला, एकेचाळिसांपैकी आलेल्या तेवीस जणांचा झाला.

"आता ज्याच्या जिद्दीतनं हे सगळं उभं ऱ्हायलं, त्यो होतकरू तरुण अनेकांत कुठं हाय?" साहेबांनी माईकवर विचारलं.

सम्राटनं टेम्पोखाली बोट दाखवलं. तिथं दोन पाय दिसत होते, गुडघ्यापासून खाली.

एक गंजलेला बोल्ट हलत नव्हता. अनेकांतला बाहेर यायला सवड नव्हती, आणि साहेबांना आणलेली शाल परत न्यायची सवय नव्हती. त्यांनी ती दोन पायांवर पांघरली. वर हार ठेवला, शेजारी नारळ ठेवला, आणि फोटोसाठी गंभीर चेहऱ्यानं उभे राहिले. रस्त्यानं चाललेल्या एका म्हाताऱ्यानं चप्पल काढून हात जोडले.

"पाय हलव की लेका," सम्राट वाकून ओरडला. "लोक काय म्हनतील."

"तेरा नंबरचा पाना द्या," टेम्पोखालून आवाज आला.

सगळ्यात जवळ साहेबच होते. त्यांनी दिला तो सतरा नंबरचा निघाला. पण दिला.

दोनला दहा मिनिटं असताना आक्का दुसऱ्या टेम्पोतून उतरल्या. सत्तरीच्या, काष्टा घातलेल्या, हातात छत्री. माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि समोर चाललेलं सगळं एकदा नीट बघून घेतलं.

"तुमचा ल्योक म्हनं ह्यो."

"हो."

"कंचा? माईकवर हाय त्यो, का शालीखाली हाय त्यो?"

"शालीखाली."

"मग बरं हाय."

दोन वाजले. आक्का छत्रीची मूठ फिरवत राहिल्या. साहेबांचं भाषण वाहतूक क्षेत्रातल्या क्रांतीवर आलं होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी शाल हलली आणि अनेकांत बाहेर आला, कपाळापासून कोपरापर्यंत काळा. त्यानं टेम्पो सुरू केला, गिअर टाकून पाहिला, आणि बाळासोला मागं घ्यायला सांगितलं. मागं सगळ्या खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांवर माणसं.

बाळासोनं हॉर्न दिला. पहिली रांग उठली, मग दुसरी, मग उरलेली सगळी, खुर्च्या हातात घेऊन. हंबीररावांच्या भाषणाला सबंध सभा उठून उभी राहिली, असं त्यांच्या पंधरा वर्षांत पहिल्यांदाच घडलं असावं. ते क्षणभर भारावले.

आक्का टेम्पोत चढल्या. बाळासोला कोपऱ्यापर्यंत न्यायला लावलं, चढावर थांबवून पुन्हा उचलायला लावलं, आणि परत आणलं. खिडकीतून वाकून त्या अनेकांतला म्हणाल्या, "गाडी ब्येस झाल्या. पर धा मिनिटं वर झाली."

"व्हय आक्का."

"साडेआठाला दारात हुती. बाळासोनं सांगितलं मला समदं. दोन टेम्पो सोमवारी धाडतो. बाकीच्या तिनाचं बघू. तुझं हात चांगलं हायत, पर तुझ्या दारात गर्दी लई."

अनेकांतनं मान खाली घातली. तेवढ्यात सम्राट धावत आला, मोबाईल पुढं करून. "आक्का, एक फोटो. आन् पुढच्या महिन्यात आमची महिनापूर्ती हाय, त्याला तुमीच पाहुण्या. मोठा फ्लेक्स करतो तुमचा."

आक्कांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. अनेकांतकडं बघत राहिल्या.

अनेकांतनं हातातला पाना पुसला. आवाज न चढवता म्हणाला, "सम्राट, तुझं काम झालं आता. स्टेज उतरव आणि घरी जा. महिनापूर्ती नाही, वर्धापनदिन नाही. फ्लेक्स काढ सगळे. माझा पण."

"आरं पर ब्रँडिंग..."

"उद्यापासून शटर आठला उघडणार. रिबन नसणार."

सम्राटनं पुढं केलेला मोबाईल खिशात घातला. वाक्य अर्धं सोडताना त्याला मी प्रथमच पाहिलं. मागं साहेब माईकवर विचारत होते, की जेवण कुठल्या बाजूला आहे.

टेम्पो निघाला. रस्त्याला लागताना आक्कांनी खिडकीतून हात बाहेर काढला, पाची बोटं पसरून, आणि वळेपर्यंत तसाच धरला. अनेकांतला समजलं. तो तिथंच खुर्चीवर बसला, काळ्या हातांनी चेहरा झाकून.

सम्राटला वाटलं, बाई निरोप घेतायत. त्यानं उलट दोन्ही हात हलवले.