अभ्र्यातली बोंडे

लोयझेकाका आमच्या अंगणात कधी पाऊल टाकत नसत. डांबर संपून माती सुरू होते, त्या रेषेच्या पलीकडे रस्त्यावरच उभे राहून ते हाक मारत. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांच्या हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलांच्या, बागेला मर लागली होती. उंच तारांवर चढलेले वेल खालून वर पिवळे पडत गेले. मग सरकारी माणसे आली, त्यांनी सारे मुळांसकट उपटले आणि जाळले. सावीन्या नदीच्या आमच्या खोऱ्यात त्या धुराचा कडवट वास कितीतरी दिवस वाळत घातलेल्या कपड्यांना येत राहिला. तेव्हापासून आपली माती दुसऱ्याच्या मातीत न्यायची नाही, असे त्यांनी स्वतःला बजावले असावे.

खोऱ्याचा दंडकही तोच होता. प्रत्येक बागेच्या फाटकाशी औषधी पाण्याचे उथळ टाके असे. येणाऱ्याने त्यात बूट बुडवायचे, नाहीतर खांबाला टांगलेले घरचे बूट चढवायचे. बाग निरोगी असेल तर टाके फाटकाच्या बाहेर. आजारी असेल तर आत. कारण मग धुवायचे ते येताना नव्हे, जाताना. लोयझेकाकांच्या रिकाम्या बागेचे टाके अजून आतच होते. माणसे त्याच्याकडे न पाहता पुढे निघून जात.

"लेनार्त! ए बिळातल्या! बाहेर ये की जरा. ऊन चावत नाही."

ऑगस्ट अर्धा सरला होता. मी जुन्या वाळवणघरातून बाहेर आलो. एके काळी तिथे हॉप्स सुकवत. आता त्याच्या एका कोपऱ्यात मी बिअर करत असे. काकांच्या हातात उशीचा एक अभ्रा होता, पांढरा, कडेला निळ्या धाग्याची वेलबुट्टी असलेला. तो हॉप्सच्या बोंडांनी फुगला होता.

"हे घे. तुझ्या पातेल्यात घालून बघ."

"कुठली जात आहे, काका?"

"ते तू सांगायचं. सगळं गाव म्हणतं, लेनार्तच्या नाकापुढे शिकारी कुत्रंही लाजतं."

"पण आणलीत कुठून?"

"नदीकाठची आहेत. रानटी." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे नव्हे, आपल्या तळहातांकडे पाहिले. "लिकोफला मला यातला एक पेला दे. आणि कुणी दिली ते बोलू नकोस. माझ्या हातचं हल्ली कुणाला चालत नाही."

तोडणी संपली की बागवाला मजुरांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवू घालतो, त्याला लिकोफ म्हणतात. आमचा लिकोफ सप्टेंबरात व्हायचा होता. त्यांनी अभ्रा हात लांबवून दिला, बूट मात्र डांबरावरच राहिले. मीही नकळत त्यांच्या बुटांकडेच पाहिले. ते स्वच्छ धुतलेले होते. या खोऱ्यात कुणी काही देऊ लागले, तरी नजर आधी पायांकडे जाते.

बाग माझ्या थोरल्या भावाची, उर्बानची. वडिलांच्या मागे त्यानेच ती राखली, आणि त्या वसंतात पडीक तुकडाही लागवडीखाली आणला. आमच्या घराला त्या बागेखेरीज दुसरे काही नव्हते. मर एकदा मातीत शिरली की ती जमीन माणसाच्या हयातीत पुन्हा हॉप्सला आपली म्हणत नाही, हे उर्बानला ठाऊक होते. म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी तो ओळींमधून फिरे आणि खालची पाने उलटीपालटी करून पाही. तो देवळात इतक्या नेमाने कधी गेला नाही.

मी अभ्रा टेबलावर रिता केला. बोंडे लहान होती, घट्ट मिटलेली. त्यांत देठांचे तुकडे आणि पानांचा चुराही पुष्कळ होता. काढणाऱ्याला घाई झाली असावी. मी एकेक निवडू लागलो. एक पान अखंड राहिले होते, वाळून गुंडाळलेले, शिरांमधून पट्टे पट्टे तपकिरी. पण वाळलेल्या पानाला कोणी रंग विचारत नाही. मी ते कचऱ्याच्या बादलीत टाकले.

मग एक बोंड दोन्ही तळहातांत चोळले आणि डोळे मिटून हुंगले.

मला माणसांशी बोलणे जमत नाही. शब्द ओठांपर्यंत येईतो समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. वास मात्र थांबतात. आमच्या बागेतल्या गोल्डिंग जातीचे बोंड मला आईच्या आवाजासारखे ओळखीचे आहे: ओले गवत, थोडे मिरे, थोडा मध. हे नवे बोंड तसे नव्हते. ते आधी काहीच बोलले नाही. मग एकाएकी लसूण, राळ, आणि त्यामागे काहीतरी गोड, इतके गोड की ते पिकणे आहे की कुजणे, हे कळू नये. मी हात धुतले. वास गेला नाही.

कोणत्याही अनोळखी जातीला थेट पातेल्यात सोडत नाहीत. मी काचेच्या बरण्यांत उकळते पाणी घेतले. एकीत नुसती नवी बोंडे, एकीत नुसते गोल्डिंग, आणि मधल्या बरण्यांत दोघांचे कमीजास्त मिश्रण. उकळत्या पाण्यात नवी बोंडे कडवट आणि आडमुठी झाली, जिभेवर लोखंडासारखी बसली. निम्मेनिम्म्यात दोन्ही जाती एकमेकींवर ओरडत होत्या. पण उकळीत फक्त गोल्डिंग घालून, सारे गार झाल्यावर मूठभर नवी बोंडे कच्चीच सोडली, तेव्हा लसूण विरून गेला. उरले ते पिकलेले बिहीफळ, रानातल्या काळ्या बेरी, पावसाने भिजलेला दगड. मी बरणी हातात धरून कितीतरी वेळ उभा राहिलो. इतके सुंदर काही माझ्या हातून याआधी झाले नव्हते, आणि तरीही त्या वासाच्या तळाशी काहीतरी मला मागे सर म्हणत होते.

तशीच बिअर केली. मोड आणून भाजलेल्या सातूचा गोड काढा गोल्डिंगबरोबर उकळला, आंबवला; फसफस ओसरल्यावर अभ्र्यातली सारी बोंडे, न उकळता, पातळ कापडात बांधून पिंपात सोडली. उकळले असते तर तो वास मेला असता.

तोडणी ऐन भरात असताना उर्बान आणि त्याची बायको नेझा चाखायला आली. उर्बानने एक घोट घेतला, मग पेल्यात डोकावून पाहिले.

"हे तू केलंस?"

"हो."

"पोरीसमोर याच्या तोंडातून 'नमस्कार' निघत नाही, आणि इथे बसून बोंडांची लग्नं लावतो!"

"लग्न जुळवणारे सगळे असेच," नेझा म्हणाली. "स्वतः कोरडे. बघ ना, फादर योश्टसुद्धा."

"चर्चला तरी सोड गं, बये." उर्बान हसला. फार दिवसांनी मी त्याला असे हसताना पाहत होतो. "लिकोफला हीच काढायची. नवरी कुठली आहे?"

"नदीकाठची," मी म्हणालो. "रानटी."

"माहेर नसलेली. बरंय, सासुरवाडीचा त्रास नाही."

बिअर बाटल्यांत भरली तेव्हा कापडातला ओला चोथा मी त्याच कचऱ्याच्या बादलीत रिकामा केला आणि बादली दाराशी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती धुऊन उपडी घातलेली होती.

लिकोफच्या रविवारी दुपारचे ऊन मधासारखे दाट होते. अंगणात टेबले मांडली होती. सॉसेज, आंबवलेली कोबी, चरबी फासलेला पाव, पोतित्सा, म्हणजे अक्रोडाची गोड गुंडाळी. कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होते. बागेत वेल उरले नव्हते; नुसते खांब आणि तारा आभाळावर आखलेल्या. माझी बिअर फिरत होती आणि लोक पेले परत पुढे करत होते. लोयझेकाका नेहमीसारखे रस्त्यावर उभे होते, इस्त्रीचा कोट घालून. मी पेला भरून त्यांच्याकडे नेला.

ते लगेच प्यायले नाहीत. आधी नाकाशी धरला.

"हीच," ते म्हणाले. "बघ, हीच ती. युस्टिना म्हणायची, याला बिहीचा वास आहे. मी म्हणायचो, तुला सर्दी झालीय."

युस्टिनाकाकू जाऊन चार वर्षे झाली होती.

"काकूंनी आणली होती ही जात?"

"नदीकाठी तिलाच सापडली. तिनेच लावली होती, आमच्या बागेच्या शेवटच्या ओळीत."

अकॉर्डियन वाजतच होते. मला वाटले, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"पण तुमची बाग तर जाळली, काका."

"बाग जाळली रे. हिचा गड्डा नाही. आदल्या दिवशी खणून नेला, जुन्या गिरणीमागे लावला." ते माझ्या जवळ झाले, डोळे तापल्यासारखे चमकत होते. "बाकी सगळे वाळले होते, लेनार्त, आणि ही हिरवी होती! हिला मर लागत नाही. समजतंय का तुला? आज मी उर्बानला सांगणार आहे. हिची कलमं घे म्हणावं. सगळ्या खोऱ्याला वाचवील ती."

"मला दाखवता?"

"चल की. पाच पावलांवर आहे."

गिरणीच्या अलीकडे त्यांनी मला थांबवले. एका खिळ्याला काकूंचे रबरी बूट टांगलेले होते. ते मला घालायला लावले, आणि मी ते घातले. मग आम्ही पडक्या भिंतीला वळसा घालून गेलो.

वेल एका जुन्या शिडीवर चढवलेला होता. शेंडा हिरवा होता, अजून काही बोंडे वाऱ्यावर हलत होती, आणि तो वास उन्हात नुसता तरंगत होता. मी खाली पाहिले. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतची पाने पिवळी होती, शिरांमधून पट्टे पट्टे तपकिरी, कडा वर वळलेल्या. एक पान मी बोट लावताच देठासकट गळून हातात आले. तसेच पान मी अभ्र्यात पाहिलेले होते.

"काका," मी म्हणालो.

"पाणी कमी पडलं," ते घाईने म्हणाले. "ऊन किती होतं यंदा."

मागे सावीन्या खळखळत होती. वेलाच्या मुळाशी माती काळी आणि ओली होती. काका खाली वाकले आणि गळलेली पाने एकेक करून कोटाच्या खिशात भरू लागले.

मी बूट उतरवले आणि अनवाणीच धावत निघालो.

उर्बान टेबलाच्या टोकाशी होता, हातात पेला, कुणाला तरी नव्या तुकड्याविषयी सांगत. मी त्याच्या दंडाला धरले.

"ती बादली. वाळवणघराच्या दाराशी होती ती. कुठे रिकामी केलीस?"

"अरे, पाहुण्यांदेखत बादल्या काय?" मग त्याने माझे पाय पाहिले. "बूट कुठंयत तुझे?"

"कुठे टाकलास तो चोथा, उर्बान?"

"कुठे म्हणजे? बागेत. पहिल्या ओळीत. बाबांपासून टाकतोय आपण. बागेतून आलं ते बागेला परत."

"ती आपल्या बागेतली नव्हती. लोयझेकाकांच्या बागेतली होती. त्यांनी एक गड्डा वाचवला होता. मी आत्ता पाहून आलो. खालून पिवळा पडलाय."

पेला त्याने अगदी हळू खाली ठेवला, जणू टेबल झोपलेले होते.

"उकळलेली होती ना?" नेझाने विचारले. ती केव्हा जवळ आली ते कळले नाही. "तू उकळतोस ना सगळं?"

"गोल्डिंग उकळलं. ही कच्ची घातली. देठ आणि पानंही बादलीत होती."

"पहिली ओळ खणून काढू," ती म्हणाली. "आत्ता. सगळी माती बाहेर. उर्बान? एकच ओळ तर आहे."

उर्बान बागेकडे पाहत होता. तिकडे पाहिल्यावर मलाही दिसले. ओळींमधली माती ताजी, भुसभुशीत, एकसारखी होती. लिकोफसाठी बाग देखणी दिसावी म्हणून नांगरलेली. ट्रॅक्टरचा फाळ पहिल्या ओळीतून उतरला होता आणि नव्या तुकड्याच्या शेवटापर्यंत, कुठेही न उचलता, गेला होता.

"काल," उर्बान म्हणाला. एवढेच.

अकॉर्डियनवाल्याने नवी चाल धरली. एक मजूर बाई ओरडली, "मालक, ही नदीकाठची अजून आहे का हो? आमच्या पेल्यांना भोकं पडलीत!" लोक हसले. रस्त्यावर लोयझेकाका परत येऊन उभे राहिले होते, डांबराच्या रेषेपलीकडे, दोन्ही खिसे फुगलेले. कोणी त्यांना या म्हटले नाही.

मग उर्बान फाटकाकडे चालत गेला. टाके जड होते, पाण्याने भरलेले. त्याने दोन्ही हातांनी त्याची कड धरली आणि ओढले. मी दुसऱ्या बाजूने हात लावायला गेलो, तर तो म्हणाला, "तू लांब राहा. अनवाणी आहेस." सिमेंटचा तळ दगडांवर खरवडत गेला तो आवाज अकॉर्डियनच्याही वर ऐकू आला. एकेक मान वळली. वाजवणाऱ्याची बोटे थांबली.

टाके फाटकाच्या आतल्या बाजूला आले, तेव्हा निम्मे पाणी सांडले होते. उर्बानने आपले बूट त्यात बुडवले, एक, मग दुसरा, आणि बाहेर पाऊल टाकले. पाहुणे उभे राहिले होते. टाके आत का आले, हे खोऱ्यात विचारावे लागत नाही. ज्याने त्याने पेला जिथे होता तिथेच टेबलावर ठेवला, आणि आपापले पाय पाहिले.

भरलेल्या पेल्यांतून बिहीचा वास उन्हात वर येत राहिला.