हिंदुरावच्या नावचं लायसन

लायसन खोटं न्हवतं, ह्ये मी आधीच सांगून ठिवते. गावात लोक कायबाय बोलत्याती. बोलूंद्यात. एडनच्या गोऱ्या सायबानं माझ्या मालकांकडनं गाडी मागंफुडं चालवून घेतली, घाटात चढवून बघितली, मग ते लायसन दिलं. त्येच्यावर फोटू मालकांचा. बारा वर्सं तितं ट्रक चालवला, कुनाला साधा धक्का लागला न्हाई. फकस्त नाव तेवढं माझ्या थोरल्या दिराचं हुतं.

त्येचं असं झालं. थोरलं दीर हिंदुराव मिलट्रीत डायवर. अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या लढाईत गेलं. मढं आलं न्हाई, पेटी आली. पेटीत दोन सदरं, येक कांबळं आन त्येंच्या जुन्या डायवरीचं सरकारी पुस्तक. माझं मालक जालिंदर. त्येंचा मोटारीवर लय जीव, हातबी बसलेला, पर कागद कसलाच न्हाई. मुंबैचा येक दलाल दर्यापल्याड एडनला डायवर न्यायला आला, त्येला कागद पायजे हुता. सासरं म्हणालं, "कागद घरातलाच हाय. घरातल्यानं वापरला तर कुनाचं काय जातंय?" झालं! मालक हिंदुराव हून बोटीत चढलं. आमाला त्यात कायबी वंगाळ वाटलं न्हाई. थोरल्याचा सदरा धाकट्यानं घालावा, तसंच वाटलं.

फुडं गोऱ्यांना हाकलाया एडनला बाँब फुटाया लागलं आन सासष्ट साली मालक परत आलं. तवर सासरं वारलेलं आन आमचं रान कोयनेच्या पान्याखाली गेलेलं. पाटणजवळ येका पत्र्याच्या खोलीत आमी तिघं. मी, मालक आन थोरली जाऊ मुक्ताबाई. मी तिला आक्का म्हणते. चूल पेटायची ती आक्काच्या पेन्शनीवर. त्यासाठनं तिला दर साली साताऱ्याला सायबाफुडं हुबं ऱ्हावं लागायचं. मी जित्ती हाय आन दुसरं लगीन केलं न्हाई, असं लिहून द्यायचं आन अंगठा उठवायचा. अठरा वर्सं तिनं त्यो अंगठा उठवला.

मालकांनी वर्सभर काम हुडकलं. मग पलूसच्या अंगाला येका कारखान्यात ट्रकवर डायवर पायजे, असं कळलं. मॅनेजरनं गाडी चालवून बघितली आन खूश झाला. "धा वर्साचा कागद दाखवा, पयल्या तारखेपासनं या. ऱ्हायला खोली दिऊ," म्हणाला. नवं लायसन काढावं तर मालक नवशिके ठरणार, आन चाळिशीतल्या नवशिक्याच्या हातात ट्रक कोन देतंय? तवा एडनचं लायसन हितलं करून घ्यायचं, येवढीच येक वाट हुती.

साताऱ्याच्या कचेरीतला कारकून भला मानूस. त्यानं लायसन उलटंपालटं करून बघितलं. "चांगलं आहे. बदलून देऊ. तुम्हीच हिंदुराव, असा गावचा दाखला तेवढा आणा."

दाखला! तलाठ्यानं आमच्याफुडं वहीच उघडली. हिंदुराव, मयत. वर म्हणतोय कसा, "शाळेच्या भिंतीवर त्यांच्या नावाची फरशी आहे. मेलेल्या माणसाला मी दाखला कसा देऊ?"

मालकांनी तितंच हाय खाल्ली. मी बरी खाईन! घरी येऊन आक्काफुडं बसले आन म्हणलं, "आक्का, आता तुमीच चला. म्हणायचं, ह्योच माझा नवरा, मिलट्रीवाल्यांची चूक झाली. मढं कुनी बघितलंय? बायकूनंच वळखलं तर सरकार काय करतंय?"

"आन पेन्शन?"

"जाऊंद्या. पगार यील की."

आक्कानं पेन्शनीचं पुस्तक पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "भावजींला इचारलंस का?"

"त्येंला काय इचारायचं? त्येंनी मिठाची गुळणी धरलीया."

खरं तर मला सगळं ठावं हुतं. आक्का नवी नवरी हून आली तवा मालक सा वर्साचं. त्येंची आई गेलेली. आक्कानंच त्येंला न्हाऊ घातलं, भरवलं, गोवर आला तवा मांडीवर घिऊन बसली. पर माझ्या डोळ्याफुडं ती पलूसची खोली हुती. पोटाची आग लागली म्हंजी मानसाला दुसरं काय सुचत न्हाई. मलाबी सुचलं न्हाई.

जायच्या दिशी सकाळी मीच तिच्या कपाळाला कुकू लावलं. ती लहान पोरीगत मान वर करून बसली हुती. म्हणाली, "राहे, सरळ लागलं का गं?"

"लागलं. उठा, यष्टी चुकंल," म्या म्हणलं. मेलीला मला तवाबी कळलं न्हाई.

कचेरीत कारकुनानं आक्काचं पेन्शनीचं पुस्तक बघितलं आन कपाळाला आठी घातली. "बाई, यात तर तुमचे यजमान मयत आहेत."

"न्हाई. परत आलं."

"नीट बघा आणि सांगा. हेच का ते?"

आक्का वळली. मालकांचं तोंड थोरल्या भावावर गेलंय, ते समदं गाव म्हणतं. तिनं त्येंच्याकडं वर बघितलं, बघतच ऱ्हायली. मग दोनी हातांनी त्येंची बाही धरली. "व्हय सायेब. ह्येच माझं मालक. आलं. लय दिसांनी आलं." आन तिच्या डोळ्यांतनं पानी सुरू झालं, त्ये काय थांबंना.

मालक मागं सरलं. "वैनी, सोडा," म्हणालं. ती सोडंना. तवा त्येंनी तिची बोटं येकेक करून सोडवली आन कारकुनाकडं बघून बोललं, "सायेब, हिंदुराव माझा थोरला भाऊ. त्यो मेलाय. मी जालिंदर. ह्ये लायसन माझं न्हवं."

कारकुनानं लायसन खणात टाकलं, खणाला कुलूप लावलं. "हे आता परत मिळायचं नाही. पुस्तक घ्या आणि जा. मी काही ऐकलं नाही," म्हणाला. भला म्हणूनच जेलात धाडलं न्हाई.

स्टँडावर आल्यावर माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "वाटुळं केलंसा! आता खायाचं काय? कवा न्हाई ती नोकरी चालून आलीती, आन तुमाला सत्यवान हुयाचं सुचलं!"

मालक खाली बघत म्हणालं, "तिनं मला आईच्या जागी हून वाढवलंय. तिच्या तोंडनं ते ऐकवलं न्हाई मला, राहे."

"भावजी," आक्का म्हणाली. "तुमी कशापायी बोललासा? म्या खोटं बोललेच न्हवते. त्या घडीला मला खरंच वाटलं, ते आल्याती. आन तुमी माझ्या डोळ्यांदेखत त्येंला मारलंसा."

अठ्ठेचाळीस साली तिला धड रडताबी आलं न्हवतं. रडायला फुडं मढं तर पायजे. त्यो हंबरडा तिनं त्या दिशी भर स्टँडावर फोडला. लोक गोळा झालं, "बाईचं कोन गेलं?" म्हणून मला इचराया लागलं. पाटणची यष्टी आली आन गेली. आमी दोघं नवराबायकू, जित्ती, तिच्याफुडं चोरावानी हुबी हुतो.