खंडेनवमीचा पेनड्राइव्ह

माझा नवरा कृष्णात एक दिवस मला येड लावणार हाय. स्टुडिओच्या कॉम्प्युटरला कुणाचाबी पेनड्राइव्ह लावू नको म्हणून सांगून सांगून माझा घसा बसला. पण उसाचा सीझन तोंडावर आला की ट्रॅक्टरवाली पोरं गाणी भरून घ्यायला येत्यात, आन् ह्याच्या तोंडातनं न्हाई म्हणून निघत न्हाई. तसलाच एक सगळ्या ट्रॅक्टरांवर हिंडून आलेला पेनड्राइव्ह ह्यानं लावला, त्यातनं व्हायरस शिरला आन् मशीनच बसलं. बटण दाबलं की पंखा फिरतोय, काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकतीया, म्होरं काय न्हाई.

आन् नेमकी त्याच मशीनम्होरं सकाळपास्नं पल्लवी येऊन बसलेली. जतकडची पोरगी. उन्हाळ्यात तिच्या लग्नाचं शूटिंग आमीच केलं. नवरा मिलिटरीत, तिकडं आसामला. तिचा बाप, गुंडाआप्पा, श्रावणात अचानक गेला. आज संध्याकाळी मिरजेतनं तिची रेल्वे, मग पुन्हा कवा येणं हुतंय कुणाला ठावं.

“ताई, मला लग्न बघायचं न्हाई,” ती म्हणाली. “पाठवणीचं तेवढं दावा. आप्पा तितं हुता का न्हाई, एवढंच बघायचंय.”

झालं असं की, गाडी हलली तरी बाप काय दिसला न्हाई. पोरीनं हाका मारल्या. कोण म्हणालं टँकरवाल्याशी भांडतोय, कोण म्हणालं हितंच हुता की. त्या रागात पोरगी फोनवर बापाशी धड बोलली न्हाई, आन् तेवढ्यात माणूसच गेलं.

कृष्णातला फोन लावला. “शूटिंग तुमीच केलं न्हवं? तिचा बाप हुता का तितं?”

“आगं, एवढी लग्नं करतो. कुणाचा बाप कुठं उभा हुता हे मला काय सपनात दिसतंय व्हय?” म्हणाला. काय बोलायचं ह्या माणसाला!

मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ऋषिराजला फोन केला. आमच्याच गल्लीत ऱ्हातो.

“उद्या या वहिनी, फॉरमॅट मारून देतो. पण आतलं सगळं जाईल.”

“खबरदार! काय जाता कामा नये. आन् आजच पायजे.”

“मग माझा एक येगळा पेनड्राइव्ह हाय. त्याच्यावर मशीन चालू करायचं आन् आतला व्हायरस हुडकून काढायचा. पण त्यो आज पूजेत हाय.”

खंडेनवमी! माझ्या ध्यानातच न्हवतं. तशीच पळत त्याच्या घरी गेले. देवासमोर पाटावर कोयता, खुरपं, स्क्रूड्रायव्हर, आन् मधोमध झेंडूच्या फुलाखाली त्यो बोटाएवढा पेनड्राइव्ह, हळदीकुंकवानं माखलेला. शेजारी त्याची आई शालूबाई राखणीला बसलेली.

“आवं मावशी, तेवढा पेनड्राइव्ह द्या की.”

“खुळी का काय तू? आज हत्याराला हात लावत्यात व्हय?”

“आवं, त्याला कोण हत्यार म्हणतंय!”

“माझं पोर त्याच्यावर पोट भरतंय. मग हत्यार न्हाई तर काय गं?”

पोर भिताडाला टेकून गप मोबाइल बघतंय. आईम्होरं नुसतं मांजर. माझं डोस्कं सणकलं.

“तिकडं त्या पोरीची रेल्वे सुटंल मावशी! मला लावून द्यायला बाप आला हुता का न्हाई, एवढंच विचारतीया ती. बाप तर मेला. आता सांगणार कोण तिला?”

म्हातारी लेकाकडं वळली. “व्हायरस म्हंजे बाहेरनं चोरून आत शिरलेला, व्हय रं?”

“व्हय आई.”

“आन् घरमालकालाच आत येऊ देत न्हाई?”

“तसंच म्हण.”

“मग दुश्मनच की त्यो. तुझा बा बॉर्डरवर असताना, खंडेनवमी हाय म्हणून बंदूक पाटावर ठेवून झोपला न्हवता.” तिनं देवाला हात जोडले, फूल बाजूला केलं आन् सोताच्या हातानं पेनड्राइव्ह उचलून दिला. “जा. काम झालं की आणून ठेवा.”

स्टुडिओत आलो. ऋषिराजनं पेनड्राइव्ह पुसून लावला. काय न्हाई! तोंडात हळद बसलेली. माझा जीव टांगणीला. काडीला कापूस गुंडाळून त्यानं साफ केला, पुन्हा लावला, तवा कुठं पडदा उजळला. व्हायरस शोधायला लागलं, पण गोगलगाय बरी. बाहेर पल्लवीचा भाऊ मोटरसायकलवर बसून हॉर्न वाजवतोय, मी आत-बाहेर करतीया, ऋषिराज म्हणतोय वहिनी बसा की जरा. कशी बसू? शेवटी घाण निघाली, मशीन बंद करून चालू केलं, आन् आमचा गणपतीचा फोटू पडद्यावर आला. मला रडूच फुटलं.

पाठवणी लावली. आई हाय, आत्या-मावळणी हायत, सगळं गाव हाय. आप्पा न्हाई. पल्लवीचं तोंड एवढंसं झालं.

“म्हंजे न्हवताच,” म्हणाली आन् उठली.

“थांब गं.” मी वरचं गाणं बंद केलं आन् खालचा मूळ आवाज वाढवला. पाठवणीला आमी मूळ आवाज बंद करून वर गाणं टाकतो, त्यामुळं तितलं बोलणं कोण ऐकतच न्हाई. रडारड, बेंजो, आन् मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळ एक घोगरा आवाज.

“फोटूवाले, माझ्याकडं नगा फिरवू. मी रडाय लागलोय. लेकीनं बघितलं तर तिचा पाय निघायचा न्हाई.”

कॅमेरा गाडीवरच ऱ्हायला. गाडीच्या खिडकीतनं नवरी मान बाहेर काढून आप्पा, आप्पा म्हणून हाका मारतीया. आन् कॅमेऱ्यामागनं, सोताशीच बोलल्यागत, “हाय गं बाय. हितंच हाय.”

पल्लवीनं पडद्यावर दोन्ही हात टेकले आन् जिवाच्या आकांतानं वरडली,

“मग मोठ्यानं म्हणायचं हुतंस की रं आप्पा!”