अणुबाई आणि कठड्याचं शिसं

“अगं, पोरीला त्या कठड्याशी बसवू नकोस. रंगाचे पोपडे निघतायत. तोंडात घालेल.”

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात एवढं सांगितलं आणि जाता जाता पोरीच्या गालाला हात लावला. तरुण आई “हो हो” म्हणाली, घरात शिरली आणि आधी पोरीचा गाल साबणानं धुतला. कठड्याचं बोलणं तिच्या डोक्यात राहिलंच नाही.

राहणार कसं? बाई रसायनशास्त्रज्ञ. समस्थानिकांवर त्यांनी आयुष्यभर काम केलेलं. नदीतलं शिसं कुठल्या कारखान्यातून येतं, हे पहिल्यांदा त्यांनीच शोधून दाखवलं होतं. पण इमारतीत त्या फक्त ‘अणुबाई’. समस्थानिक म्हणजे अणू, अणू म्हणजे किरणं, किरणं म्हणजे रोग! आई कॉलेजात शिकलेली, पण पोटच्या पोरीचा प्रश्न आला की शिकलेलं कुणाला आठवतं?

मग पोरीचं पोट दुखू लागलं. खाईना, सारखी किरकिर. डॉक्टरांनी रक्त तपासलं. “रक्तात शिसं आहे. कुठून येतंय ते लवकर शोधा. मेंदूवर परिणाम होतो.”

“त्यात शोधायचंय काय!” सोसायटीचे सेक्रेटरीकाका कडाडले. “बाटल्या भरून शिसं कुणाकडे आहे? त्या अणुबाईंकडेच! वर कुणी जायचं नाही. त्यांना घरच सोडायला लावू.”

“आधी त्यांना विचार तरी,” नवरा म्हणाला.

“विचारते ना. चांगलं विचारते!”

ती वर बाईंच्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. “तुमच्या शिशानं माझी मुलगी आजारी पडली.”

“असेल,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे कबूल?”

“कबूल नाही, शक्य आहे. माझाही माझ्यावर संशय आहे. पण नुसता संशय घेऊन बसायचं कशाला? मोजूया. शिशाचे सगळे अणू एका वजनाचे नसतात, काही हलके, काही जड. तेच समस्थानिक. वेगवेगळ्या खाणींच्या शिशात त्यांचं प्रमाण वेगळं असतं. रंगात मिसळा नाहीतर पोटात जाऊ दे, ते प्रमाण बदलत नाही. त्यावरून माग काढता येतो.”

“आणि किरणं?”

“सगळे समस्थानिक किरणं सोडत नाहीत गं. शिशाचे हे चार समस्थानिक, चौघे भाऊच म्हण, गुपचूप एकत्र नांदतात. तुमच्या मजल्यावर तरी आहे का एवढी शांतता?”

आईला हसू आलं नाही. “तुम्हीच मोजणार आणि तुम्हीच सांगणार?”

“शाब्बास! असंच विचारायचं!” बाई खूश झाल्या. “मी हातच लावणार नाही. माझं शिसं घे, कठड्याचा पोपडा घे, डॉक्टरांकडून रक्त घे. वर नावं घालू नकोस, तुझ्या खुणा कर. मलाही सांगू नकोस. प्रयोगशाळा तुझे डॉक्टर सांगतील ती. माझं जुळलं, तर मीच सामान बांधते.”

आईनं तिन्ही नमुन्यांना पोरीच्या रिबिनी बांधल्या. रक्ताला लाल, बाईंच्या शिशाला निळी, पोपड्याला पिवळी. निकाल येईपर्यंत तिनं पोरीला घराबाहेर सोडलं नाही. वरून खोकल्याचा आवाज यायचा, तेव्हा ती खिडकी लावून घ्यायची. कसली वाफ हुंगत असतील, कुणास ठाऊक!

शेवटी प्रयोगशाळेतून फोन आला. “लाल आणि पिवळी जुळतात. निळीचा संबंध नाही.”

पिवळी! म्हणजे कठडा! सेक्रेटरीकाकांनी कुठल्याशा जुन्या साठ्यातून आणून लावलेला तो रंग!

ती पळतच वर गेली. बेल वाजवली, पुन्हा वाजवली. कितीतरी वेळानं दार उघडलं. बाई भिंतीला धरून उभ्या होत्या, अंग तापानं फणफणलेलं. सेक्रेटरीकाकांच्या हुकमानंतर कामवाल्या मावशीही वर फिरकल्या नव्हत्या.

“बाई, हे कधीपासून?”

“ते राहू दे. पोरांचं कठड्याशी जाणं बंद केलंस का आधी?”

आईनं त्यांना धरून आत नेलं, पाणी पाजलं, डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळी तिनं सगळ्या इमारतीसमोर निकाल सांगितला. सेक्रेटरीकाका आधी चिडले, मग कठड्याकडे बघत राहिले. “माझा नातूही तिथेच खेळतो,” ते हळूच म्हणाले.

संशय येणारच, लेकरांच्या आईला तर येतोच येतो. पण तो तपासला नाही, तर विष आपल्या दाराशी राहतं आणि माणूस दाराआड एकटं पडतं. ती आता भेटेल त्याला एकच विचारते, तेच तुम्हालाही: ज्यांच्याबद्दल तुम्ही नुसतं ऐकलंय, असं कुणी तुमच्या इमारतीत आहे ना? आज त्यांची बेल वाजवा. दार उघडेपर्यंत थांबा.