कोपरीचा धडधडणारा ट्रक

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे, आणि तोही पेट्रोलचा. रस्त्यावर आता सगळे डिझेलचे ट्रक दिसतात. माझ्या जातीचं कोणी भेटत नाही. आधी मी लष्करात होतो. तिथून लिलावात निघालो आणि १९८१ साली ठाण्याला, कोपरीत, दामाजी कोळ्यांच्या दारात येऊन उभा राहिलो.

दामाजींची खाडीत होडी होती. मासळी आणि बर्फाच्या लाद्या कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात पोचवायचं काम माझं. दामाजी गाडी चालवायचे आणि त्यांची बायको जनाबाई शेजारी बसायची. मासळी विकायची तीच. कोपरीपासून कल्याणपर्यंत तिचं तोंड चालू असायचं. कोणत्या गिऱ्हाइकाने घासाघीस केली, कोणाच्या पोरीचं लग्न ठरलं, सगळं. माझा आवाज मोठा, तर ती माझ्यापेक्षा मोठ्याने बोलायची. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "ट्रक यायच्या आधी जना ऐकू येते." मला त्याचा अभिमान वाटायचा.

१९९२ साली जनाबाई चार दिवसांच्या तापाने गेली.

दामाजींनी होडी विकली. मला ठेवलं. दुसऱ्यांची मासळी नेत राहिले. पण केबिनमध्ये आता कोणी बोलत नव्हतं. सकाळी निघायचं, बर्फ भरायचा, उतरवायचा, परत यायचं. मित्रांनो, मी लष्करात डोंगरावर एकटा उभा राहिलो आहे, पण तेव्हा इतका एकटा नव्हतो.

कोळी लोक होडीच्या लाकडाला मुशीचं तेल लावतात. मुशी म्हणजे लहान शार्क मासा. तिच्या कलेजीचं तेल लावलं की खारं पाणी लाकूड खात नाही. जनाबाईने काढलेल्या तेलाचा मोठा डबा घरात राहिला होता आणि तेल लावायला होडी नव्हती. मग दामाजी दर रविवारी ते तेल मला लावू लागले. आधी दारांना, बिजागऱ्यांना. मग बॉनेट उघडून आत जो सांधा दिसेल त्याला. हळूहळू, कापडाच्या बोळ्याने. मला ते आवडायचं. इतक्या मायेने माझ्या इंजिनाला कोणी हात लावला नव्हता.

वर्षभरात मला एक खोड लागली. धावताना मी ठीक असायचो. पण थांबलो, गियर काढला, की सगळं अंग धडधडायचं आणि इंजिन बंद पडायचं. माजिवड्याच्या नाक्यावर तर रोज. मागून हॉर्न सुरू व्हायचे. एकदा एका बसवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "ओ काका, थंडी वाजतेय काय त्याला? गोधडी घाला!"

दामाजींनी मला माजिवड्याच्या आनंदा मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्रीने प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला. धडधड तशीच. शेवटी त्याने एक स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवलं.

"बघा काका, आता नाय बंद पडणार."

बंद पडणं कमी झालं, पण मी काळा धूर ओकू लागलो. त्या सुमारास गाड्यांच्या धुराची तपासणी सुरू झाली होती. माझ्या नळकांड्यात नळी घातली आणि मी नापास झालो. पुन्हा नेलं, पुन्हा नापास. गाडीच्या पासिंगला आठ दिवस उरले होते. ते झालं नाही तर मला रस्त्यावर येता येणार नव्हतं.

दामाजींची मुलगी मालू शहाडला दिली होती. ती येऊन म्हणाली, "बाबा, आता पुरं. आमच्या घराजवळ श्रीपादशेट जुन्या गाड्या तोडतात. मी बोललेय त्यांच्याशी."

"तुझी आयस अकरा वर्सं बसली गो त्यात."

"म्हणून तुम्ही त्यात बसून राहणार? स्वतःचं तोंड बघा आरशात. दोन वर्षांत कोणाशी धड बोललात?"

 दुसऱ्या दिवशी दामाजींनी मला शहाडला नेलं.

श्रीपादशेटच्या आवारात इंजिनं एकीकडे, दारं एकीकडे अशी पडली होती. मी तिथे धडधडत उभा राहिलो. श्रीपादशेट पूर्वी लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"बंद करू नका," ते म्हणाले. बॉनेट उघडून त्यांनी थोडा वेळ नुसतं ऐकलं. मग पकड घेतली आणि इंजिनाच्या कडेची एक रबरी नळी दाबून धरली. मित्रांनो, माझी धडधड थांबली! नळी सोडली, पुन्हा सुरू.

"दामाजी, याला भंगारात काय घालता? इंजिनाच्या पोटात घाण वाफ साठते. ती बाहेर न सोडता परत आत जाळायला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो उघडा अडकलाय. नको तेवढी हवा आत जाते, म्हणून थरथर. आणि तुमच्या मिस्त्रीने वर पेट्रोल वाढवून ठेवलं, म्हणून धूर."

त्यांनी अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. आतली गोळी वाजायला हवी होती, वाजली नाही. मग त्यांनी तो नाकाशी नेला.

"अहो, यात मासे तळलेत काय? काय घातलंत हे? डिंक झालाय नुसता."

दामाजींनी खाली बघितलं. "मुशीचं तेल. हिनं काढलेलं. म्हटलं, वाया नको जायला."

 श्रीपादशेटनी व्हॉल्व्ह रॉकेलमध्ये तासभर भिजवला, घासला, पुन्हा हलवला. टक टक वाजला. तो बसवून त्यांनी आनंदा मिस्त्रीने फिरवलेला स्क्रू मागे घेतला. "लोखंडाला हे तेल बाहेरून लावा हवं तर. आत नको."

दोन दिवसांनी मी तपासणीत पास झालो. मग पासिंगही झालं.

घरी येताना माजिवड्याच्या नाक्यावर आम्ही थांबलो. मी एकसारखा, शांत चालत होतो. इतका शांत की केबिनमध्ये माशी उडाली तरी ऐकू आली असती. दामाजींनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मोठ्याने म्हणाले, "जना, गाडी पास झाली गो."

सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. दामाजींनी डोळे पुसून गियर टाकला.

तेव्हापासून ते रोज बोलतात. आज बर्फ कमी मिळाला, मालूचा निरोप आला, खाडीचं पाणी काळं झालंय. मी ऐकतो. पण मी ट्रक आहे. मला उत्तर देता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, तुमच्या चाळीत कोणी म्हातारं माणूस असं एकटंच बोलत असेल, तर हसू नका. जवळ जाऊन बसा आणि अधूनमधून नुसतं 'हं' म्हणा. मला तेवढंही जमत नाही.